शेवटचा घोडा जाईपर्यंत

शनिवार, २४ मे १९९७

आलं: शर्यतीच्या मंडळाकडून रिकाम्या बाटल्या, सहा पोती. घोड्यांना पाणी पाजायचे दोन टब. मदतनिसांच्या टोप्या. सगळं फुकट. टेम्पोवाल्याला कॉफी नि घरचा पाव. मी विकत आणलं: सुका कॉड मासा एक किलो, चौदाशे एस्कुडो (लुटतात नुसते!). साखर आणि दोन मेणबत्त्या, तीनशे वीस.

मेणबत्त्या संत अंतोनियोसाठी. मागणं एकच – ह्यांनी आणि रुईनं एकमेकांशी बोलावं. बापलेक वर्षभर बोललेले नाहीत.

पोती अंगणात बघून हे म्हणाले, "परत पाठव."

"अहो, दरवर्षी येतात की!"

"ह्या वर्षी मी पाण्यावर नाही." आणि खोरं घेऊन गेले ऑलिव्हच्या बागेत.

सोमवार, २६ मे

झोप नाही. कुणाशी बोलू? कागदाशीच.

शर्यत ऐंशी किलोमीटरची, दोन फेऱ्यांची, उन्हातली. वाटेत ठिकठिकाणी आपली माणसं पाणी घेऊन उभी. आमचं ठिकाण सगळ्यात लांबचं – सुकलेल्या ओढ्यापलीकडे, बुचाच्या झाडाखाली. नियम एकच. शेवटचा घोडा जाईपर्यंत जागा सोडायची नाही.

गेल्या वर्षी शेवटचा घोडा आमच्या रुईचा. दोन फेऱ्यांमधल्या तपासणीत जनावरांच्या डॉक्टरांनी घोडी बाद केली. त्याची फ्रान्सची बस संध्याकाळची, रजा संपलेली. तो गेला. त्याला वाटलं मंडळ कळवेल. मंडळाला वाटलं, घरचाच मुलगा, त्यानं बापाला सांगितलंच असेल! मला वाटलं, हे टब धुवून येताहेत.

हे झाडाखाली उभे. अंधार पडेपर्यंत. शेवटी एका मेंढपाळानं सांगितलं, "आदेलिनोभाऊ, चौकात जेवणं उठली." तिकडे चौकात अध्यक्षांनी सगळ्या मदतनिसांचे आभार मानले होते. ह्यांचं नाव घेतलं तर खुर्ची रिकामी. कुणीतरी ओरडलं, "तो अजून घोड्याची वाट बघतोय!" सगळे हसले. त्यांना कुठे ठाऊक होतं ते खरंच आहे.

हे घरी येऊन एवढंच म्हणाले – "पोरगं पडलं असेल कुठेतरी, असं वाटत होतं मला."

नंतर त्या विषयावर अवाक्षर नाही. रुईचा फोन शेजारी आला की हे उठून बाहेर.

गुरुवार, २९ मे

पाऊस नाही, वारा नाही. जपमाळ दोनदा झाली, मन एकदाही लागलं नाही.

रविवार, १ जून

चर्चमधली मिसा संपल्यावर मंडळाचे अध्यक्ष बेल्शियोर घरी आले. टोपी हातात, घाम पुसत.

"आदेलिनो, तुझ्याशिवाय ते ठिकाण कोण धरणार? ह्या वर्षी आभार नीट मानू. मानपत्र देऊ, चौकट करून."

"चौकटीत घोडा पाणी पितो का?"

"अरे, चूक झाली. किती दिवस धरून बसणार?"

"मी काही धरलेलं नाही. सोडलंय."

मी कॉफी दिली. साखर जास्त पडली.

ते गेल्यावर मी म्हटलं, "ठीक आहे. मी उभी राहीन." हे म्हणाले, "गार पाणी मानेवर ओतायचं. मागच्या मांड्यांवर नाही, आखडतात." एवढंच!

शनिवार, ७ जून

रुई आला. उतरला मात्र आत्याकडे! झुल्मिरावन्सं दारात येऊन म्हणाल्या, "वहिनी, तुमचं रत्न माझ्या माळ्यावर झोपलंय. खातो किती! फ्रान्समध्ये उपाशी ठेवतात का?"

मी धावत गेले. बारीक झालाय. म्हणाला, "आई, घरी येतो गं, पण बाबा उठून बाहेर जातील. त्यांनाच त्यांच्या घरातून घालवू का?"

"माफी माग."

"कशाची? सांगायचं राहिलं ह्याची, की सगळ्यांदेखत हसं झालं ह्याची? कुठून सुरुवात करू ते सांग."



शुक्रवार, १३ जून

संत अंतोनियोचा दिवस. दोन्ही मेणबत्त्या लावल्या. एक वाऱ्यानं विझली. पुन्हा लावली. पुन्हा विझली!

वन्संनी टब साबणानं घासून ठेवले. मी कपाळाला हात लावला – साबणाचा वास आला तर घोडी तोंड लावत नाहीत. "मग तुमची घोडी माझ्यापेक्षा नखरेल," म्हणाल्या, आणि पुन्हा धुतले, सगळ्या संतांचा उद्धार करत.

रविवार, १५ जून

पाय सुजलेत. तरी आजच लिहिते.

पहाटे हे माझ्याआधीच उठून गेले. "बागेत जातो." रविवारी कसली बाग? ट्रॅक्टरही नेला. मंडळाच्या टेम्पोतून मी आणि वन्सं ओढ्यापलीकडे. बाटल्या भरल्या, झाकणं सैल करून ठेवली. स्वार थांबत नाहीत, पळत्या घोड्यावरून हात पुढे करतात, तेव्हा झाकण कोण उघडत बसणार? पाणी मानेवर ओतलं की बाटली भिरकावतात, ती आपण झुडपांतून शोधायची.

पहिल्याच स्वारानं रिकामी बाटली वन्संच्या पाठीत मारली. "मेल्या, नवरी शोधतोयस की कचऱ्याची पेटी?" तो हसत ओरडला, "थँक्यू, मावशी!" वन्सं दिवसभर खूश.

रुई पहिल्या फेरीत आला, सगळ्यांच्या मागे. बाटली घेताना घोडी थांबवली. थांबवायची नसते.

"बाबा कुठे?"

"बागेत."

मान हलवली. बाटली भिरकावली नाही. माझ्या हातात दिली.

दुसऱ्या फेरीत सगळे आले. रुई नाही. ऊन कलायला लागलं. वन्सं टबाच्या काठावर बसून म्हणाल्या, "वहिनी, आवरू या. कुणी येत नाही आता."

"शेवटचा घोडा गेला नाही अजून."

माझं तोंड कोरडं पडलं होतं. शेजारी दोनशे बाटल्या पाणी, आणि प्यायचं सुचत नव्हतं. वाट वळते तिथे धूळ उडाली की उठायचं. वारा. पुन्हा बसायचं. पोरगं पडलं असेल का? हेच, हेच ह्यांनी केलं होतं – एकट्यानं, अंधार पडेपर्यंत! मी वर्षभर ह्यांना "पुरे करा आता" म्हणत होते. मला काय माहीत होतं ह्यातलं?

मग ट्रॅक्टरचा आवाज. आमचा ट्रॅक्टर.

हे वर बसलेले, डोक्यावर मंडळाची टोपी. खाली उतरलेही नाहीत. "घोडी लंगडली. रुई बाद. आता कुणी यायचं नाही, आवरा."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? सकाळपासून तपासणीच्या दोरीपाशीच उभा आहे मी. शेवटचा कोण ते बघत."

आणि मागे, ट्रॉलीत, पाय लोंबकळवत बसलेला – रुई! धुळीनं पांढरा. माझ्याकडे बघून खांदे उडवले त्यानं.

हे म्हणाले, "पुढच्या दोन ठिकाणी अजून माणसं उभी आहेत. त्यांना सांगून येतो." आणि ट्रॅक्टर पुढे. दोघं एकमेकांशी बोलताना काही दिसले नाहीत. आवाजच एवढा होता.

सोमवार, १६ जून

काल चौकात कोकराचा रस्सा. अध्यक्षांनी नावं वाचली. ह्यांचं नाव आलं तर हे मंडळाच्या स्वयंपाकघरातून, तोंडात घास घेऊन – "हजर!" मोठा हशा. रुईही हसला. पण तो टेबलाच्या त्या टोकाला, हे ह्या टोकाला.

आज तो गेला. आत्याच्या घरूनच. हे बसवर आले नाहीत.

काय झालं मग? काहीच नाही. एका ट्रॅक्टरवर बसले, एवढंच.

रविवार, २२ जून

मिसा. मन थाऱ्यावर नाही. बाटल्या मंडळाला परत गेल्या. टोप्या त्यांनी आम्हालाच ठेवायला सांगितल्या.

बुधवार, २ जुलै

जेवणानंतर हे म्हणाले, "वही बाजूला ठेव. कागद घे. रुईला लिहायचंय." मी पेन शोधेपर्यंत दारात उभे, पाठ माझ्याकडे. शब्द त्यांचे, अक्षर माझं. नक्कल इथे उतरवून ठेवते:

"रुई, पाण्याची ठिकाणं पाच आणि निरोप्या मी एक. पुरत नाही. घोडी बरी झाली तरी पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला शर्यतीला दे. तू दोन दिवस आधी ये आणि आपल्या घरी उतर. ट्रॅक्टर तू चालव, मला हल्ली लांबचं दिसत नाही. येतोस की नाही, ते परतीच्या टपालानं कळव."