रिकाम्या खोलीच्या दाखल्यावर सही करण्यापूर्वी

प्रति,
मा. कुलसचिव,
विद्यापीठ मुख्य कार्यालय, पहिला मजला.

(योग्य मार्गाने पाठवावयाचा होता. विभागप्रमुखांनी अर्ज उभ्याने वाचला आणि "हा तुमचा तुम्हीच पाठवा" असे सांगून परत दिला. म्हणून थेट.)

विषय : प्रयोगशाळेतील अप्रतिध्वनी कक्षाचे नवीन रिक्त माप घेण्यापूर्वी करावयाच्या व्यवस्थेबाबत.

संदर्भ : मापदोष निवारणाबाबतचा आपल्या कार्यालयाचा आदेश, सोबत कोऱ्या दाखल्याचा नमुना.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी आपल्या विद्यापीठाच्या प्रयुक्त विद्युतचुंबकी प्रयोगशाळेत वरिष्ठ संशोधक असून उमेदीची सगळी वर्षे याच एका खोलीत घालवली आहेत. संदर्भीय आदेशान्वये कक्षाचे जुने रिक्त माप रद्द करून नवीन माप उद्यापर्यंत घ्यावयाचे आहे, जुनी फाइल कायमची पुसावयाची आहे, आणि तत्पूर्वी "मापनसमयी कक्ष पूर्णतः रिकामा होता" अशा दाखल्यावर मी सही करावयाची आहे. आदेश योग्यच आहे. सही मात्र माझ्याने होत नाही. का होत नाही ते खाली मांडतो. आपल्याला घाई असेल याची कल्पना आहे, तरी अर्ज मधूनच सोडून शेवटची विनंती तेवढी वाचू नये. ती वेडेपणाची वाटेल.

१. कक्षाबद्दल. ज्याला कागदोपत्री अप्रतिध्वनी कक्ष म्हणतात त्याला आम्ही नुसते चेंबर म्हणतो. भिंती, छत, जमीन सगळीकडे काळ्या फेसाचे सुळके बसवलेले आहेत. रेडिओलहर त्यांवर आदळली की तिथेच जिरते, परत येत नाही. आवाजाचेही तेच. आत बोलले की शब्द तोंडासमोर पडल्यासारखा वाटतो. नवीन माणूस आत फार वेळ थांबत नाही, काहीतरी निमित्त काढून बाहेर येतो. या कक्षात आम्ही अँटेना मधल्या फिरत्या चबुतऱ्यावर ठेवून तपासतो. त्याआधी रिकाम्या खोलीचे माप घेतलेले असते आणि ते प्रत्येक मापातून वजा होते. वाणी तेल देण्याआधी रिकामी बरणी तोलून घेतो, तसेच हे.

२. माझे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, या प्रयोगशाळेचे मापनप्रमुख होते. मला या विषयाची गोडी त्यांनी लावली, नोकरीचा अर्ज त्यांनी भरून घेतला आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांसमक्ष "इथे मी तुझा भाऊजी नाही" असे बजावले. मग दुपारी स्वतःच्या डब्यातली अर्धी भाजी माझ्या डब्यात लोटली. माणूस तसा होता. उंच, खांदे रुंद, बोलणे तोलूनमापून. चबुतरा फिरताना केबल गुंडाळली जाते, म्हणून ती धरायला कुणीतरी आत उभे राहावे लागे. नियमाप्रमाणे आत कुणी असता कामा नये. केबल न गुंडाळता फिरणारा सांधा मागवण्याचा आमचा प्रस्ताव आपल्याच कार्यालयात पडून आहे, तो मिळेपर्यंत भाऊजी मागच्या भिंतीपाशी केबल धरून उभे राहू लागले. इतके निश्चल उभे राहत की पुतळ्याने शिकवणी लावावी.

३. आता चूक सांगतो. ती कुणा एकाची नाही, आम्हा सगळ्यांच्या सवयीची आहे. माप सुरू करण्याआधी यंत्रापाशी बसलेल्याने दारातून ओरडून विचारायचे, "खोली रिकामी?" आणि आतून भाऊजींनी उत्तर द्यायचे, "रिकामी!" एवढे शिकलेसवरलेले लोक आम्ही, पण रिकामी म्हणणारा माणूस आत आहे हे एकाच्याही डोक्यात आले नाही. भाऊजींच्या तर नाहीच नाही, ते स्वतःला सामानात धरत. ज्या दिवशी रिकाम्या खोलीचे माप घेतले त्या दिवशीही हेच झाले. म्हणजे यंत्राच्या लेखी रिकामी खोली म्हणजे भाऊजी उभे असलेली खोली. वाण्याने बरणी तोलताना पारड्यावर अंगठा ठेवावा आणि तेल तोलतानाही तो तसाच ठेवावा, तर हिशेब चुकत नाही. आमचाही कधी चुकला नाही. ते रोज त्याच जागी उभे असत आणि रोज वजा होत असत.

४. भाऊजी गेले. सुट्टीच्या दिवशी सकाळी, खुर्चीत, चहा पुढ्यात असताना. ताई आतून "निवतोय हो" म्हणाली आणि त्यांनी ऐकले नाही. त्याबद्दल अधिक लिहिण्याचे हे ठिकाण नव्हे.

काम पुन्हा सुरू केले तर एकही माप जागेवर येईना. आम्ही केबली बदलल्या, जोड पुसले, सुळके एकेक चाचपले. ठिणगी नावाने ओळखली जाणारी आमची सहसंशोधिका (रुजू झाल्या दिवशीच तिने एक यंत्र जाळले, त्यावरून हे नाव) हिने शेवटी सगळ्या मापांवरून खोलीचे चित्र काढले. मागच्या भिंतीपाशी चित्रात खड्डा होता. उंच, वर निमुळता, खांद्यापाशी रुंद. ठिणगी पडद्यावरच्या त्या खड्ड्यावर बोट ठेवून म्हणाली, "सर, इथे कुणीतरी नाहीये."

मी उठून बाहेर गेलो. नळाखाली तोंड धुतले आणि तिथेच रडलो, हे लिहायला लाज वाटत नाही. नसलेला माणूस यंत्र रोज इमानेइतबारे वजा करत होते, आणि त्याच्याएवढीच पोकळी उरत होती.

५. दोष दूर करण्यासाठी मी काहीच केले नाही असा ठपका आपल्या पत्रात आहे. तो मान्य नाही. मी स्वतः त्या जागी उभा राहिलो. उंचीत कमी पडलो, डोके आणि खांदे उघडेच राहिले. पायाखाली विटा घेतल्या. डोके जमले, खांदे जमेनात. मग अंगात जाड कोट घातला, तर पोट जास्त झाले. विभागातला प्रत्येक उंच माणूस आम्ही आळीपाळीने उभा करून पाहिला, ग्रंथपालसुद्धा सोडले नाहीत. भाऊजींच्या मापाचा माणूस शोधण्यासाठी जाहिरात द्यावी असाही विचार होता, पण शैक्षणिक पात्रता काय लिहावी यावर गाडे अडले. त्यांची उणीव कुणाने भरून निघत नाही, हे मला आधीही ठाऊक होते. आता त्याला मोजमापाचा आधार मिळाला इतकेच.

६. येथपर्यंतचे कुणालाही पटेल. पुढचे आपण आपल्या जबाबदारीवर वाचावे. त्यानंतर एके दिवशी भर दुपारी, चेंबर कुलूपबंद असताना, आत कुणी म्हणजे कुणी नसताना, माप स्वच्छ आले. खड्डा नव्हता. मी चेंबर उघडून पाहिले. सुळके, चबुतरा, लोंबती केबल. दार लावून पुन्हा माप घेतले, पुन्हा स्वच्छ. जुन्या फाइलीप्रमाणे भाऊजी वजा होत होते आणि तरी काही कमी पडत नव्हते. म्हणजे जेवढे वजा होत होते तेवढे आत होते.

मी सहजासहजी भुलणारा माणूस नाही. घरात मांजर आडवे गेले तर मी मांजराला वाट देतो आणि माझ्या कामाला जातो. मी तापमान तपासले, विजेचा दाब तपासला, दुसरे यंत्र जोडून पाहिले, शेजारच्या विभागाच्या माणसाला काही न सांगता माप घ्यायला बसवले. सगळ्यांचे उत्तर एकच. बारकाईने बघता रेषेत एक हलकी वरखाली दिसते, संथ, सारख्या लयीची. असली वरखाली कशाची असते हे आमच्या विद्येत पहिल्याच वर्षी शिकवतात. ती छातीची असते. श्वास घेणाऱ्या माणसाच्या.

पुढे लक्षात आले की हे फक्त कामाच्या दिवशी होते. सुट्टीच्या दिवशी खड्डा असतो. जेवणाच्या वेळेतही थोडा वेळ असतो, मग जातो. कामावर वेळेत येण्याबद्दल आपले कार्यालय इतकी परिपत्रके काढते, ती मनावर घेणारा एकच माणूस निघाला आणि तो हा.

७. मी हे कुणाला सांगितले नाही. भीती वाटत होती, खोटे कशाला बोलू. चेंबरकडे पाठ करून बसायला मी आजही तयार नाही. पण त्याहून जास्त बरे वाटत होते. सकाळी आलो की दाराशी चपला काढून हळूच "आलो हो" म्हणायचो. मापे बिनचूक होती, विद्यापीठाचे काम होत होते, भाऊजी आत होते, कुणाचे काय बिघडत होते? मग आधीच्या बिघडलेल्या मापांवरून आपला आदेश आला. दाखला हातात धरून मी बसून राहिलो. त्यावर लिहिले होते, कक्ष रिकामा होता. महोदय, मी जन्मात खोटे माप लिहिलेले नाही.

आपला आदेश रद्द व्हावा आणि जुनी फाइल जपावी असा अर्ज मी लिहायला घेतला होता. तो अर्धवट राहिला, कारण मापे ठिणगीच्याही डोळ्यांखालून जात होती आणि मधेच तिने माझ्या बहिणीच्या कानावर सगळे घातले. ठिणगीच्या तोंडात तीळ भिजत नाही. ताई दुसऱ्याच दिवशी प्रयोगशाळेत आली. ती कर्मचारी नसल्यामुळे सुरक्षारक्षकांनी तिला चेंबरच्या दारापाशी अडवले, म्हणून मी तिला यंत्राच्या खोलीत बसवले आणि पडदा दाखवला. सुट्टीच्या दिवसाचे चित्र, मग कामाच्या दिवसाचे. मग ती हलणारी रेषा. मला वाटले, ही आता पदराने डोळे टिपेल आणि म्हणेल, पुसू नका रे, एवढे तरी राहू द्या.

ताई माझ्यावर बरसली. तिचे शब्द जसेच्या तसे देतो, कारण या अर्जाचा सगळा आधार तेच आहेत. "अरे मेल्या, लाज नाही वाटली तुला? गुडघे गेले होते त्यांचे. घरचा जिना चढताना मधल्या पायरीवर टेकायचे, आणि वर आल्यावर मला सांगायचे की खाली कुणीतरी भेटलं होतं. मी म्हणायचे, बरं. आणि तू त्यांना अजून उभं करून ठेवलंयस? केबल धरायला?" मी काहीतरी म्हणायला गेलो. ती म्हणाली, "गप्प बस. गेल्यापासून एक दिवस स्वप्नात आले नाहीत. मी म्हणते, असं काय चुकलं माझं? कडी लावताना रोज हात थांबतो माझा. आणि हा माणूस इथे कामावर!" मग तिचा आवाज उतरला. "त्यांना सांगितलंय का कुणी, की झालं म्हणून?"

नाही. कुणीच सांगितलेले नाही. माप घेऊन झाले की दारातून "झालं, या बाहेर" असे म्हणावे लागते, त्याशिवाय ते जागा सोडत नसत. शेवटच्या कामाच्या दिवशी मी घाईत होतो की काय, ते मी म्हटले की वेळ झाली म्हणून ते आपणच बाहेर आले, मला खरेच आठवत नाही. ताईने विचारल्यापासून मी दुसरे काही आठवायचा प्रयत्नच केलेला नाही.

तरी वरील सर्व बाबींचा विचार होऊन पुढीलप्रमाणे मंजुरी मिळावी. आपला आदेश मला मान्य आहे. नवीन माप घेईन, जुनी फाइल माझ्या हाताने पुसेन, दाखल्यावर सही करेन. फक्त त्याआधी माझ्या बहिणीला चेंबरमध्ये एकटीला जाऊ द्यावे. ती आत असेपर्यंत यंत्र बंद राहील आणि पडद्यावर मी काही पाहणार नाही. ती आत काय बोलेल ते कुणाला ऐकू येणार नाही, त्या खोलीचा तेवढा एक उपयोग आहे. तिने सोबत त्यांच्या घरच्या चपला आणल्या आहेत, त्या नेण्यास हरकत नसावी. तिला वेळेचे बंधन घालू नये. ते फार हळू चालतात.

आणि शेवटची विनंती, जिच्यासाठी एवढा कागद खर्च केला. मुख्य दरवाजावरचे पहारेकरी आत किती गेले आणि बाहेर किती आले हे पासाशी ताडून बघतात आणि आकडा जुळला नाही तर माणसाला ताटकळत उभे करतात. सबब माझ्या बहिणीच्या नावे पास देताना, आत येणाऱ्या व्यक्ती एक आणि बाहेर जाणाऱ्या व्यक्ती दोन, असा तो स्वच्छ अक्षरात द्यावा.

आपल्या सहीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,

(सही)
वरिष्ठ संशोधक,
प्रयुक्त विद्युतचुंबकी प्रयोगशाळा

दिनांक : मुदतीच्या आदल्या दिवशी, कार्यालयीन वेळेत.

सोबत : रिक्त कक्षाचा दाखला, तूर्त सहीविना.