तरटावरचा पंजा

लातूर, ७ जानेवारी २०२५

ती. अंजूताईस महांतेशचा शरणार्थ.

एक कांड केलंय, करायला नको होतं. उमादेवी आत्या तरटावर चुना, काळी माती अन् जवसाचं तेल घालून थरावर थर बसवून चित्रं करती न्हाई का? त्यात ना देव दिसतो ना झाड. मी दालमिलच्या पोरांशी भज्याची पैज लावली, असलं तर मी बी अर्ध्या घंट्यात करतो, आत्याला बी वळखू यायचं न्हाई. केलं, अन् तिचं काढून माझं टांगलं. आत्यानं बघितलं बी न्हाई, नुसता हात फिरवला. म्हणली, ही माती मुरलीच न्हाई, माझं कुठाय?

तिचं मी मिलच्या बारदानात लपवलं होतं. हमालानं ते टेम्पोत चुनीच्या पोत्यांवर झाकलं, अन् टेम्पो गेला भोकरला, तुझ्या सासरच्याच पेंडीच्या दुकानाला! अठ्ठावीसला नांदेडात आत्याचं पहिलं प्रदर्शन. दोन महिन्यांचं काम हाय ते, हुडक. फोन करू नको, माझा मोबाईल तिनं जप्त केलाय.

लोभ थोडा कमी झाला तरी चालंल, तोडू नको.
महांतेश

भोकर, ११ जानेवारी

चि. महांतेशास आशीर्वाद, कान पिळून.

सापडलं. थंडी लई म्हणून गुंडप्पामामंजींनी त्याची म्हशीच्या वगारीला झूल केली. माती गळली, उरली ती म्हशीनं चाटली. मामंजी विचारून राहिले, एवढी ऊबदार झूल कुणी धाडली?

आत्याला तूच सांग. सतरा दिवस हायेत अन् तुला दोन हात हायेत.

तुझी ताई, अजून तरी

नांदेड, २९ जानेवारी

ती. ताईस शरणार्थ.

सांगितलं. आत्या म्हणली, तरट हाय, माती हाय, ऊठ. मी माती चाळली, चुना निवळला. चुन्यानं बोटाची सालं गेली. थर लावला की ती हात फिरवायची अन् खरवडून टाकायची. तीनदा! मी म्हणलो, कोण बघतंय? ती म्हणली, हात बघतो.

शेवटच्या थराला, वाळला का म्हणून मी हात दाबला. पंजा रुतला! आता मेलो म्हणलं. आत्यानं पंज्यावरनं हात फिरवला. म्हणली, ऱ्हाऊ दे, तरटावर जे झालं ते तरटानं ठेवलं.

काल प्रदर्शनात लोक त्या पंज्यापाशीच थांबत होते. एकजण म्हणला, असलं तर आमचं पोरगं बी करंल. माझं डोस्कं फिरलं. म्हणलो, काका, आधी हात दाखवा.

ताई, पाया पडतो. मिलच्या पोरांना मी सांगितलंय की आत्या फसली, भजी बी खाल्लीत. तो पंजा कुणाचा, अन् त्यापायी किती दिवस माती मळली, हे कुणाला म्हंजे कुणाला सांगू नको. वगारीला बी न्हाई.

तुझाच,
महांतेश