अंडी भागिले धावा

४ जानेवारी १९५४, सोमवार
एमिलच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ईस्टरपर्यंत पाय स्टुलावर. बेसबॉल क्लब त्याचा, पण हिवाळ्यातली खेळाडूंची देवघेव आता कोण करणार? त्याचा धाकटा भाऊ, माझा दीर रूडी, कधीचा टपून आहे. पण फोन माझ्या स्वयंपाकघरात आहे. मी म्हटलं, मी करते. रूडी म्हणाला, वहिनी, क्लब म्हणजे चर्चची केकविक्री नव्हे. मी म्हटलं, खरंय, केकविक्री नफ्यात असते.
ठरलं असं की १ मेच्या पहिल्या सामन्याला मी पूर्ण संघ मैदानात उभा करायचा. नाही जमलं तर क्लबच्या किल्ल्या कायमच्या रूडीकडे. एमिलने मान डोलावली. गुंगीत असला म्हणून काय झालं, डोलावली ती डोलावली.
हायस्कूलला गणितात मी दुसरी आले होते. पहिला आलेला वारला.

७ जानेवारी
कोणाला ठेवायचं, कोणाला द्यायचं, हे लोक अंदाजाने ठरवतात. माझ्याकडे वही आहे. उन्हाळ्यात चार खेळाडू आमच्या माडीवर राहतात. प्रत्येकाचं वाडगं वेगळं, आणि कोणी किती अंडी खाल्ली ते १९४९ पासून लिहिलेलं आहे. अंडी भागिले धावा. इतकं सोपं, आणि कोणाला सुचलं नाही.
गस: एका धावेला दीड अंडं. उत्तम.
कॅचर क्लाइड टॉलिव्हर: एका धावेला सत्तावीस. दोनदा भागून पाहिलं.
सदतीस वर्षांचा माणूस, अख्खा सामना बॅटवाल्याच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलण्यात काढतो आणि रोज सहा उकडलेली अंडी. मी वाडगं ठेवून चर्चमध्ये साडेसहाच्या मिस्साला जाते, परत येते तो वाडगं रिकामं. हिवाळ्यातही गावी जात नाही, लाकडाच्या वखारीत काम करतो आणि राहतो आमच्याकडेच. शिवाय बाप्टिस्ट, आमच्यासारखा कॅथलिक नव्हे. त्याच्यासाठी मी माळ जपते, त्याचे पैसे लावत नाही.
एमिल म्हणाला, बर्नी, कॅचरचं काम बॅटीत दिसत नसतं. मी म्हटलं, जे दिसत नाही ते मी वहीत लिहीत नाही.

१९ जानेवारी, दुपार
कार्व्हरटाउनच्या क्लबचे मालक मिस्टर प्रुइट यांचा फोन. मूळ धंदा अंत्यविधीचा, बोलतात तेही शवपेटीचं माप घेतल्यासारखं. त्यांना कॅचर हवाय. बदल्यात दोन डझन बॅटी म्हणाले. नको म्हटलं. मग दुखऱ्या खांद्याचा एकजण म्हणाले. नको म्हटलं. शेवटी म्हणाले, कॅचर आत्ता द्या, बदल्यातल्या खेळाडूचं नाव १५ एप्रिलपर्यंत कळवतो. एमिल म्हणतो, बेसबॉलमध्ये ही जुनी रीत आहे.
नाव मागाहून म्हटलं की भले भले फसतात. मी फसणारी नव्हे. पत्रात सात अटी घातल्या. दारू नको. तोंडात शिव्या नकोत. बूट दारात काढणारा. अंथरुणाची घडी घालणारा. जेवणाआधी प्रार्थना म्हणणारा, पंथ कोणताही चालेल. भाडं शुक्रवारी न मागता देणारा. चेंडू टाकणाऱ्या कोवळ्या पिचर पोरांना सांभाळून घेणारा.
यादीला पाच मिनिटंही लागली नाहीत. जणू माणूस समोर उभा होता.
प्रुइटसाहेबांना सातही कबूल. अनुभवी लोकांनासुद्धा असा करार जमत नाही.

२३ जानेवारी
क्लाइडला सांगितलं तेव्हा तो सिंकखाली आडवा होता, नळाचं गळणं बघत. बाहेर आला, हात पुसले. म्हणाला, “बरं, बाई. वॉशर नवी घातलीय. दोन दिवस टपकेल, मग बसेल.”
संध्याकाळच्या बसने गेला. एमिल बोलत नाही. बोलेल.
नळ टपकतोय.

३ फेब्रुवारी, संत ब्लेझचा सण
फादर कोशिक यांनी घसा दुखू नये म्हणून गळ्याला मेणबत्त्या टेकवून आशीर्वाद दिला. त्याच गळ्याने घरी येऊन फोन उचलला तर आमचा पहिला पिचर, लायल. यंदा चेंडू झेलायला मागे कोण, असं विचारत होता. म्हटलं, क्लाइडहून सरस, नाव मागाहून कळवू. तो म्हणाला, मग मी येणार की नाही, तेही मागाहून कळवतो.
उद्धट. पण दुसरे तीन आहेत.

१४ फेब्रुवारी
दुसरे दोन आहेत.
रोज सहा अंडी वाचतात. एमिलने रुसून अंडी सोडली, म्हणजे आठ वाचतात. कोंबड्या मात्र थांबायचं नाव घेत नाहीत. शेजारी वाटली. शेजारीण म्हणाली, नुकसान झालं का गं काही? नफा असा दिसतो हे लोकांना समजत नाही.

३ मार्च, राखेचा बुधवार
उपवासकाळाचा संकल्प: ईस्टरपर्यंत स्वतःची बढाई नाही.

४ मार्च
चर्चच्या महिला मंडळात अंड्यांचं सूत्र समजावून सांगितलं. ही बढाई नव्हे, माहिती आहे. फादरना विचारायची गरज वाटली नाही.

२० मार्च
पिचर एकच उरला, इर्व. वय एकोणीस. मीच फोन केला. म्हटलं, तू तरी शहाणा आहेस. तो म्हणाला, मागच्या जूनमध्ये ओळीने नऊ सामने हरलो तेव्हा मी घरी जायला बॅग भरली होती, क्लाइड तुमच्या मागच्या पायरीवर तीन तास माझ्याजवळ बसला. मला आठवतं. पायरीवरचा दिवा तीन तास चालू होता, तो मी क्लाइडच्या भाड्यात धरला होता. शिवाय, म्हणाला, ती अंडी. कसली अंडी, विचारलं तर म्हणाला, जाऊ द्या.
येत नाही म्हणाला.
रूडी येऊन एमिलच्या टेबलाची लांबी-रुंदी मोजून गेला. मोजू दे. मोजायला पैसे पडत नाहीत. माझा माणूस यायचाय अजून. सात अटींचा माणूस आहे, तो आला की पिचर धावत येतील.

११ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
नवा खेळाडू उंच असेल असं वाटतं. माडीवरची खोली पुसून घेतली. क्लाइडचा जुना कोट खुंटीवर राहिलाय. काढायचा राहून गेला.
नळ अजून टपकतो. वॉशरचाच दोष.

१५ एप्रिल, पवित्र गुरुवार
पत्र आलं. प्रुइटसाहेबांचं अक्षर सुरेख, दगडावर कोरल्यासारखं.
“आदरणीय बाई, आमच्या एकोणीस खेळाडूंना तुमच्या सातही अटी एकेक करून लावून पाहिल्या. सहा जण पहिल्याच अटीला गळले. सातही अटींत बसणारा आमच्याकडे एकच माणूस आहे. तो शनिवारच्या बसने येईल. सोडताना वाईट वाटतं. नाव: क्लाइड टॉलिव्हर.”
तीनदा वाचलं. मग एमिलला दिलं. तो इतका हसला की गुडघा स्टुलावरून खाली आला. जानेवारीनंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलला. म्हणाला, “बर्नी, तू कॅचर देऊन कॅचरच मिळवलास.”
करार कायदेशीर आहे. सातही अटी पाळल्या गेल्या. इतक्या चोख अटी दुसऱ्या कोणाला लिहिता आल्या असत्या का?

१७ एप्रिल, पवित्र शनिवार
ईस्टरच्या जेवणाची टोपली आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेत होते, रंगवलेली अंडी, हॅम, लोणी. दारात क्लाइड, हातात तीच बॅग. बूट बाहेर काढले. म्हणाला, “आलो, बाई. नळ थांबला का?”
म्हटलं, नाही.
सिंकखाली गेला. दोन मिनिटं. म्हणाला, वॉशर उलटी बसली होती, चूक माझीच. मी म्हटलं, असू दे, होतं असं. का म्हटलं ते कळलं नाही.
संध्याकाळी लायलचा फोन. नंतर इर्वचा. नंतर बाकी दोघांचा. क्लाइड आलाय हे यांना कोणी सांगितलं, देव जाणे. एमिल फोनजवळच बसला होता. सगळे येतायत. रूडीला निरोप धाडला की टेप घरी ठेव.

१९ एप्रिल, सोमवार
संघ पूर्ण. किल्ल्या माझ्याकडेच. मी म्हटलं होतं.
हिशोब: एक दिला, एक आला. तीन महिने त्याला प्रुइटने पोसलं. नफाच.
सकाळी सहा अंडी उकडून वाडगं ठेवलं आणि मिस्साला निघाले. हातमोजे विसरले म्हणून अर्ध्या वाटेतून परत आले. दाराच्या फटीतून दिसलं. क्लाइडने दोन खाल्ली. चार रुमालात बांधून कोटाच्या खिशात घातली. बाहेर मागच्या फाटकाशी चार पिचर उभे होते, स्टेशनजवळच्या खानावळीतले. तिथे सकाळी नुसती कॉफी देतात म्हणे.
मिस्साला उशीर झाला.
वही काढली. एका धावेला सत्तावीस, ते खोडलं. दोनच अंडी धरून भागलं तर नऊ येतात. उरलेली चार कोणाच्या नावावर लिहायची, ते या वहीत कुठे बसत नाही. पाच वर्षांचं सगळं पुन्हा भागावं लागेल.
आज वेळ नाही. उद्यापासून दहा उकडणार आहे. वाडगं मोठं घेतलंय, आणि ते का घेतलं हे मी कोणाला सांगणार नाही.