साहेबांचा लेखी नकार

३ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? वहिनी लिहिते की तू पथ्य पाळत नाहीस, म्हणजे ठणठणीत असशील.

मी लोकप्रशासनाच्या एम. ए.ला अर्ज करतेय. वर्ग संध्याकाळचे आहेत, पण अर्जाला परवानगीबद्दल कार्यालयाचं लेखी उत्तर जोडावं लागतं. साहेबांकडे परवानगी मागितली, तर म्हणाले, बघू. अजून बघतच आहेत. तुला ठाऊक आहे, आपल्याकडे नकार कुणी लिहून देत नाही. तोंडी वाटेला लावलं की माणसाला वर दाद मागता येत नाही. पाण्याच्या तक्रारींच्या खिडकीवर बसून हे रोज बघते आणि अंगाचा तिळपापड होतो. या वेळी मी लिहून घेणार.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी मिरची

१० जून

चि. मिरचीस,
अनेक आशीर्वाद.

गुडघा बरा आहे, डोकं तुझ्यामुळे दुखतंय. पन्नाशी दारात आली आणि बाईसाहेबांना कॉलेज सुचतंय! तो साहेब माझ्या हाताखाली होता. डूख धरणारा माणूस आहे, तुला थेट गोदामात टाकेल. तुझी वहिनी तुझ्या बाजूने असल्यामुळे मला चहा उशिरा मिळतो. मीच येऊन त्याच्याशी चार शब्द बोलतो. तोवर गप्प राहा, हात जोडतो.

तुझा काळजीवाहू,
दादा

२१ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

येऊ नकोस. तुझ्या शब्दावर परवानगी मिळाली तर इथे मी जन्मभर दादांची बहीणच राहीन.

नकार मिळाला! रोज जेवणाच्या सुट्टीत साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहायचे. आधी सगळे मला हसले, मग साहेबांना हसू लागले. शेवटी वैतागून त्यांनी लिहिलं की लोकप्रशासनाच्या शिक्षणाचा तक्रार खिडकीच्या कामाशी काडीचाही संबंध नाही. खाली सही, शिक्का. संस्थेला कार्यालयाचं उत्तर हवंय, ते होकारार्थीच हवं असं नियमात कुठेही नाही. हा अभ्यासक्रम का करायचा, यासाठी अर्जात दोन पानं कोरी होती. मी एकच ओळ लिहिली: सोबतचं उत्तर वाचावं.

वहिनीला नमस्कार, तुला चहा वेळेवर मिळो.
तुझी मिरची

१४ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

प्रवेश मिळाला! मुलाखतीत अध्यक्षबाईंनी साहेबांचं उत्तर मोठ्याने वाचलं आणि चष्मा काढून डोळे पुसले, हसून हसून.

तुझंही खरं ठरलं. गोदामात बदली झाली. गंजके नळ, मोडके मीटर आणि मी. खोटं कशाला बोलू, रडले. खिडकीवर येणारी माणसं दुरावली याचं वाईट वाटतं. पण हुकमावर सही केली आणि तडक जाऊन प्रवेश पक्का केला. सोमवारी सकाळी गोदाम, संध्याकाळी वर्ग.

साहेब भेटले तर माझ्यासाठी काही मागू नकोस. एवढंच सांग, की मी त्यांच्या खुर्चीसाठी शिकतेय, आणि तिथे बसल्यावर कुणाला नाही म्हणावं लागलं तर कारणासकट लिहून देईन.

लोभ असू दे. ही विनंती नाही.
तुझी मिरची