दोन्ही चाकांच्या स्प्रिंगा

नोरीन,

पिकअपला हात लावू नकोस. मागची चाकं काढलीत, गाडी ठोकळ्यांवर उभी आहे.

ब्रेकचे लायनर पार झिजले होते, म्हणून बदलायला घेतले. एका चाकाच्या स्प्रिंगा सोडायच्या, दुसऱ्याला हात लावायचा नाही; अडलं की तिकडे बघून जोडायचं. तू बारा वर्षांची असताना हे मीच तुला ओरडून ओरडून शिकवलं. मला स्वतःला चाळीस वर्षांत तिकडे बघायची वेळ आली नाही. आज आली. मान वळवली, तर तेही चाक मोकळं. दोन्हीकडच्या स्प्रिंगा एकाच डब्यात. कधी सोडल्या, आठवत नाही. चारदा जोडून पाहिलं.

तू सांगत होतीस त्या डॉक्टरकडे चाललोय, पायी. धान्याच्या कोठारापर्यंत सरळ, मग डावीकडे. लिहून खिशात ठेवलंय. पाचपर्यंत परत आलो नाही तर तुझी गाडी घेऊन त्याच वाटेने ये. मका पेरताना तू त्याचं नाव काढलंस, तेव्हा केवढा खेकसलो होतो तुझ्यावर! तोही काही करू शकणार नाही, ठाऊक आहे मला. या गाडीचे सुटे भाग तरी अजून मिळतात.

तू माझ्यासाठी ठेवलेलं जेवण ओव्हनमध्ये तसंच आहे. रागावू नकोस.

आणि स्प्रिंगांसाठी शेजारच्या वेंडेलला बोलावू नकोस. तो येईल, न बघता दहा मिनिटांत जोडून देईल. त्याला मीच शिकवलंय.

बाबा