माप ओलांडलं चौदा वेळा

११ नोव्हेंबर, मंगळवार

माझे पाय सिनेमात घेतले! फक्त पाय. घोट्याच्या वरची मी त्यांना नकोय.

झालं असं — दुपारी झेरॉक्सच्या दुकानात एकटीच होते. टोकावड्यात शूटिंगवाले उतरलेत, त्यांचा तो ओमकार रोज कागद घेऊन येतो. कानात बाळी, हातात दोन मोबाइल. आज खाली पडलेलं पान उचलायला वाकला तो वाकलेलाच राहिला. म्हटलं, उसण भरली काय याला! तर म्हणतो, "मॅडम, तुमचे पाय फार छान आहेत." मी स्टेपलर उचलला. मग घाईघाईने सगळं सांगितलं. हिरोईनला मेंदीची ॲलर्जी झालीय, दोन्ही पाय सुजून भोपळे. शुक्रवारी तिचा गृहप्रवेश आहे. माप लवंडायला पाय पायजेत.

सिनेमा नशिबावर आहे म्हणे. लव्हस्टोरी, पण हसायची. हिरोईन जिथे पाऊल टाकेल तिथे भरभराट. हिरो जाईल तिथे लाइट जाते, टायर फुटतो, दूध नासतं. मग या दोघांचं जमतं. शेवट काय, विचारलं, तर म्हणाला अजून लिहितायत.

आणि त्या भरभराटीच्या बाईचे पाय म्हणून माझे! टोकावड्यापासून मुरबाडपर्यंत कुणालाही विचारा, रंजिताचे पाय कसले आहेत ते. हो म्हणून टाकलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

ओमकारने मोबाइलवर घराचा फोटो दाखवला, जिथे शूटिंग करायचं ते. उंच उंबरा, सारवलेली ओटी, कौलं. "एकदम ऑथेंटिक," म्हणाला.

देवजीकाकांचं घर. हरेशच्या बाबांचं!

लिहूनच टाकते एकदा, म्हणजे डोक्यातून जाईल. मार्चात आमचं ठरत आलं होतं. मी आणि हरेश कॉलेजपासून, पण घरच्यांना वाटत होतं त्यांनीच जमवलं. आत्या घर बघायला निघाली, तिच्याबरोबर मीपण गेले. मुलीने लग्नाआधी जायचं नसतं म्हणे. गेले. त्याच संध्याकाळी देवजीकाका गोठ्यात घसरले, डावा पाय मोडला. गोठ्याची फरशी ही अशी गुळगुळीत, वर शेण — माणूस घसरणार नाय तर काय? चौथ्या दिवशी बोअरचं पाणी गेलं. मार्चात अख्ख्या वाडीच्या बोअरचं जातं! कावळा बसायला आणि फांदी तुटायला. पण हरेशच्या आईने, बाईजाकाकीने, हळदीकुंकवात दहा बायकांसमोर सांगितलं, "पांढऱ्या पायाची पोर आहे ती." मोडलं.

आणि हरेश? कल्याणच्या मार्केटात भाजीवाल्यांशी भांडतो, पिकअप घाटात रिव्हर्स घेतो. आईसमोर ब्र काढला नाय. मला म्हणाला, "थोडं थांबू." आठ महिने थांबलेय. त्याचा राग येतो आणि त्याच्या पिकअपचा हॉर्न वाजला की दुकानातून मान बाहेर काढते. लाज नाय मला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पाय दगडाने घासले. आई म्हणाली, "कातडं ठेव थोडं. चालत परत यायचंय."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज जे झालं ते सिनेमात दाखवलं तर लोक म्हणतील खोटं आहे.

मला हिरोईनची नऊवारी नेसवली, फक्त गुडघ्यापर्यंत नीट. वर माझा दुकानातला कुर्ता तसाच. पैंजण, जोडवी, आळता. बाईजाकाकी सकाळपासून नवी साडी नेसून हिरोईनची वाट बघत उभी. आली मी!

"ही कशाला?"

ओमकार म्हणाला, "मावशी, पाय यांचेच आहेत."

काकीचं तोंड बघण्यासारखं झालं. आधी ती लाल झाली, मग म्हणाली, शूटिंग करा, पण हिचा पाय उंबऱ्याच्या आत पडता कामा नये. ओमकार म्हणाला, मावशी, शॉटच तो आहे. काकीने उंबऱ्यावर बसकण मारली. शेवटी देवजीकाका ओरडले, "ऊठ गो! कागदावर सही केलीय मी." उठली. पण दारात लिंबू-मिरची आणून बांधली. त्यावर कॅमेरावाला म्हणाला, आमच्याकडे आहे ना मावशी — आणि खरंच, कॅमेऱ्यालाच लिंबू लटकवलेलं! डायरेक्टर तर बावीस दिवस तोच पिवळा टी-शर्ट घालतोय. लकी आहे म्हणे. त्याच्या वाऱ्याला कोण उभं राहत नाय.

मापात त्यांनी बासमती भरला होता. काकीला ते बघवेना. "नवरी येतेय का बिर्याणी?" स्वतः आत जाऊन कोलम घेऊन आली. अपशकुनी सुनेच्या मापाला घरचे तांदूळ! रागाच्या भरात तिच्या लक्षातच आलं नाय.

पहिल्या टेकला मी इतक्या जोरात लाथ मारली की माप डायरेक्टरच्या नडगीवर. आठ महिन्यांचं होतं ते. दुसऱ्याला डावा पाय पडला. पाचव्याला कोंबडी आली. सहाव्याला उन्हावर ढग. नवव्याला काकीच मधे आली, सांडलेले तांदूळ भरायला. असे चौदा टेक. चौदा वेळा मी त्या घरात शिरले.

आणि समोर थर्माकोलचा पांढरा पत्रा धरून कोण उभा? हरेश. माझ्या पायांवर उजेड पाडायचं काम त्याला. उजेड सारखा हलत होता. "दादा, हात स्थिर ठेवा," कॅमेरावाला ओरडला. हरेशने एकदापण वर बघितलं नाय. मी चौदा वेळा त्याच्याकडे बघितलं.

घरी येऊन आळता धुतला. निघत नाय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

बातम्या! समीक्षाने सांगितल्या. माझी मैत्रीण, मुरबाडच्या दवाखान्यात सिस्टर आहे, पण जगाच्या बातम्या तिच्याकडे.

एक — हरेशच्या घरची म्हैस व्याली. पारडी झाली.

दोन — शूटिंगवाल्यांनी जागा करायला कणगी सरकवली, तिच्याखाली काकीची नऊ वर्षांपूर्वी हरवलेली बुगडी सापडली. नऊ वर्षांत कुणी कणगी हलवली नव्हती, त्यामुळे.

तीन — शनिवारी हिरोईन तोंडाचे शॉट द्यायला आली, तिच्याबरोबर फोटो काढायला देवजीकाका काठी टाकून ताठ उभे राहिले. आता काठी घेतच नायत.

"हे सगळं कुणामुळे माहितीये का?" समीक्षा म्हणाली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

माझ्या पायांमुळे!

संध्याकाळी बाईजाकाकी आमच्याकडे आली. नारळ, खण, पेढे. मागे हरेश, मोबाइलमध्ये डोकं. काकीने माझ्या तोंडाकडे बघायच्या आधी पायांकडे बघितलं आणि दोन्ही हातांनी कडाकडा बोटं मोडली. "चौदा वेळा लक्ष्मी आली गो माझ्या घरात! मीच आंधळी." मार्चातलं काय, विचारलं. तर म्हणाली, तेव्हा नुसतीच आलीस, माप ओलांडलं नव्हतंस. घ्या! उचलली जीभ लावली टाळ्याला.

आईला काय करू न काय नको झालं. चहात दोनदा साखर पडली. सगळ्यांनी प्यायला.

मी विचारलं, "काकी, उद्या म्हैस आटली तर?"

"शुभ बोल, पोरी!"

हरेश हसला. मला हसू आलं नाय. सगळी खूश आहेत आणि माझा पेढा तसाच पडलाय.

१९ नोव्हेंबर, बुधवार

हरेश दुकानात आला. आधार कार्डाची झेरॉक्स पायजे म्हणाला. पाच आहेत त्याच्याकडे, मीच काढून दिल्यात.

मग म्हणाला, "ओमकारला तुझे पाय मीच सांगितले." घरपण त्यानेच दाखवलं. म्हणाला, एकदा तू घरात शिरलीस आणि काय वाईट झालं नाय, की आईची भीती जाईल. चांगलं होईल हे त्यालापण वाटलं नव्हतं.

एक मिनिट असं बरं वाटलं! आणि मग जी तिडीक गेली डोक्यात. म्हणजे एवढी उठाठेव — कॅमेरा, थर्माकोल, मुंबईची पन्नास माणसं — आणि आईशी एक वाक्य बोलायचं नाय!

म्हटलं, "आता बोल. तिच्यासमोर म्हण — रंजूचा पायगुण वाईट असला तरी मला तीच पायजे. एवढंच."

"आता कशाला? आता तर ती हो म्हणते!"

"म्हणून आत्ताच."

त्याला कळेना. खरंच कळेना, सोंग नव्हतं. "तू पण ना रंजू, ताट वाढलंय तर..." मी म्हटलं, मला पायांसाठी नेणार असाल तर ज्या दिवशी काकांना शिंक येईल त्या दिवशी परत पाठवाल. लग्न नाय करायचं मला असं.

गेला. झेरॉक्स तिथेच विसरला. मी शटर अर्धं ओढून रडले. आठ महिने ज्याची वाट बघितली ते दारात आलं आणि मीच हाकललं. आणि तो पायजे मला. अजून पायजे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आई बोलत नाय. भाजीत मीठ नाय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

समीक्षा म्हणते, डोक्यावर पडलीस. आज भाजीत मीठच मीठ.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

ओमकारचा फोन. हिरोईनच्या पायांची सूज उतरली. दुसऱ्या कुणाचे पाय तिला चालणार नायत, मुंबईत उंबऱ्याचा सेट लावून शॉट परत घेतला. म्हणजे मी सिनेमात नाय. घोट्याखालीपण नाय.

वाडीत बातमी पोचली. बाईजाकाकीने आईला विचारलं म्हणे, "मग तो पायगुण धरायचा का नाय?" आई इतक्या दिवसांनी माझ्याशी बोलली ती हे सांगायला. दोघी हसलो.

३० नोव्हेंबर, रविवार

देवजीकाका पडले. गोठ्यात. तीच फरशी, तेच शेण, या वेळी उजवा पाय. मुरबाडला नेलंय.

दुपारी काकीचा आईला फोन. आई नुसतं हं हं करत होती. ठेवल्यावर माझ्याकडे बघितलंच नाय. "पायगुण उलटला म्हणते. बोलणी राहू दे म्हणाली."

मी बरोबर होते. बरोबर असण्याने काय होतं? जेवण गेलं नाय.

१ डिसेंबर, सोमवार

अकराला समीक्षाचा फोन, वॉर्डातून. कुजबुजत होती. जसं सांगितलं तसं लिहिते.

काकांच्या पायाला प्लास्टर घालत होते. काकी खाटेशी बसून माझ्या नावाने खडे फोडत होती — ती पोर, तिचे ते पाय. हरेश औषधं घेऊन आला. पिशवी खाली ठेवली. आणि मोठ्याने बोलला, अख्ख्या वॉर्डाला ऐकू गेलं — "आई, तिचा पायगुण वाईट असला तरी मला तीच पायजे. तुम्हा दोघांचे पाय मोडले तरी तीच पायजे. आणि गोठ्याची फरशी मी उद्याच खडबडीत करून घेतो."

मग खाटेवरून काका म्हणाले, "ही फरशीची अक्कल मार्चात कुठे गेली होती रे?"

समीक्षा म्हणाली, हरेशचा चेहरा पांढराफटक पडला होता, पिशवी ठेवताना आतली एक बाटली फुटली. काकी पिशवीतल्या काचा वेचायला लागली.

गिऱ्हाइकाच्या सातबाऱ्यावर माझे डोळे गळले. दुसरी प्रत काढून दिली. गिऱ्हाईक म्हणालं, काय झालं ताई? म्हटलं, काय नाय, चांगलं झालं.

३ डिसेंबर, बुधवार

हरेश आमच्या घरी आला. एकटा. आईसमोर बसला आणि सरळ मला मागितलं. आधी पाणी प्यायला, तीन तांबे. काकी अजून त्याच्याशी बोलत नाय, पण डबा भरून देते. रविवारी काका येणार तारीख धरायला, प्लास्टरसकट.

जाताना दारात माझ्याकडे बघितलं. नीट, तोंडाकडे. मी म्हटलं, "फरशी झाली का?" तो म्हणाला, "अर्धी." किती वेळ हसत होतो.

५ डिसेंबर, शुक्रवार

मुंगसाने आईच्या चार कोंबड्या नेल्या. एक उरली, ती खुडूक.

६ डिसेंबर, शनिवार

फ्रिज बंद पडला. आई गप्प गप्प आहे.

७ डिसेंबर, रविवार

दहाला ते यायचे. आई चहा ठेवत होती, पाठमोरी. म्हणाली, "रंजे... हरेश घरात येऊन गेला आणि कोंबड्या गेल्या. मग फ्रिज. तुझ्या बाबांमागे मला आता काय सहन नाय होत गो. आपण थोडं थांबू या का?"

एकच वाक्य बोलायचं होतं. मीच बनवलेलं, मला पाठ. आणि मी कपबश्या पुसत बसले. आई पदराने डोळे पुसत होती आणि मला वाटलं, जाऊ दे, आज गप्प बसू, नंतर बघू. खरंच वाटलं! बाहेर पिकअप येऊन थांबली. देवजीकाका कुबड्यांवरून कुणाला तरी ओरडत होते. तेव्हा कुठे मी ते वाक्य बोलले.

हे हरेशला कधी सांगणार नाय.