हातचा एक

रोहणा, १२ नोव्हेंबर १९७९

ती. मामांस,
कोकिळाचा शि. सा. नमस्कार. मामीलाही सांगा.

मामा, माझी पार दैना झाली आहे. परवा डिप्टीसाहेब शाळा तपासायला आले. दुसरीच्या फळ्यावर त्यांनी सत्तावीस आणि पंधराची बेरीज मांडली आणि पंचफुलाला उभं केलं. सात नि पाच बारा, बाराचे दोन, हातचा एक, इथवर ती पोपटासारखी बोलली. मग साहेबांनी विचारलं, हातचा कुठं गेला? पोरीनं मूठ उघडून दाखवली. म्हणे, माह्या हातात तं काईच नाई. साहेब हसले, हेडमास्तर हसले. तिचा बाप रूपराव दारातच उभा होता, तो मान खाली घालून निघून गेला.

संध्याकाळी माझ्या घरी येऊन म्हणाला, पोट्टी ढ हाये बाई, सोमवारपासून कापूस वेचाले नेतो. मी हातापाया पडले तेव्हा महिनाअखेरपर्यंत थांबायला कबूल झाला. ती ढ नाही हो मामा! एवढ्याशा लेकराच्या हाताला लागल्याशिवाय गोष्ट डोक्यात उतरत नाही, असं आम्हाला ट्रेनिंगला सांगितलं होतं. हेडमास्तर म्हणतात, घोकून घ्या, छडी द्या. तुमची सारी हयात मास्तरकीत गेली. काय करू, लवकर लिहा.

तुमची,
कोकिळा

नाचणगाव, १८ नोव्हेंबर

चि. कोकिळेस,
अ. उ. आ.

खरं सांगू? तुझं पत्र वाचून आधी रागच आला. आम्ही पावकी-निमकी घोकवली, नाही आली तर छडी दिली. पोराच्या बुद्धीचं वय कोणाच्या बापानं विचारलं होतं? त्यावर तुझी मामी म्हणाली, म्हणूनच तुमचे निम्मे पोट्टे ढोरांमागं गेले. झोंबलं मला.

मग नातीची, आपल्या लीनाची, परीक्षा घेतली. तिच्यासमोरच वाटीतला चहा उंच पेल्यात ओतला. म्हणे, आबाजी, चहा वाढला. परत वाटीत ओतला, तर म्हणे कमी झाला. मी रागावलो, ती रडली, पण बोलणं बदललं नाही. पाच वर्षांची पोर खोटं कशाला बोलेल? तिला तसंच दिसत होतं.

तेव्हा त्या पोरीच्या मुठीत खरंच काहीतरी दे. कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीच्या काड्या घे. दहा झाल्या की सुतळीनं जुडी बांधायला लाव. ती जुडी म्हणजेच हातचा. तू मधे मधे बोलू नको आणि रडू तर मुळीच नको, वेडाबाई.

तुझ्या खुशालीकडे डोळे लावून बसलेला,
महादेवराव

रोहणा, २ डिसेंबर

ती. मामांस,
शि. सा. नमस्कार.

आधी पंचफुला सुट्या काड्याच मोजत बसायची. मी तोंड दाबून गप्प राहिले. बुधवारी तिनं सात नि पाच काड्या एकत्र केल्या, दहाची जुडी आपल्या हातानं बांधली आणि ओरडली, बाई, हा पाहा हातचा! मी वर्गातच रडले, रागावू नका. शुक्रवारपर्यंत तर तिला काड्याही लागेनाशा झाल्या.

मला कुठला दम निघतो! तिला घेऊन रूपरावच्या घरी गेले. अंगणात तिनं गणितं करून दाखवली. तिची माय शकुबाई पदरानं डोळे पुसत होती. रूपराव खूश होऊन म्हणाला, बाई, तुमचे लय उपकार झाले. आता पोरीले हिशेब येते, तं वेचणाऱ्या बायांचा कापूस मोजाले काट्यापाशी बसवतो. मंग शाळा कायले?

मी किती विनवलं! आत्ता कुठं सुरुवात झाली, हिला चौथीपर्यंत तरी राहू द्या. तो म्हणे, लागते तेवढं आलं. मामा, ती ढ होती तेव्हा निदान महिनाभर तरी माझ्याजवळ होती. माझ्या शिकवण्यानंच ती गेली. जीव नुसता तळमळतो.

पोरगी मात्र आनंदात उड्या मारत होती. मी निघाले तर फाटकापर्यंत पळत आली आणि विचारलं, बाई, मी पास झाली न?

मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

या अभागी भाचीवर माया राहू द्या.
कोकिळा